जुईच्या टोपड्याखाली

माझी मुलगी आता आठ महिन्यांची आहे. हाताला लागेल ती वस्तू ती आधी तोंडात घालते आणि मग माझ्याकडे बघून हसते. हे आधीच सांगून टाकते, कारण असे अनुभव वाचताना मी स्वतः शेवट आधी बघायचे. गरोदरपणात मोबाइलवर बायकांनी लिहिलेलं कितीतरी वाचलं आणि शेवट चांगला नसेल तर वरचं काही वाचलंच नाही. तेव्हा शेवट चांगला आहे. आता निवांत वाचा.

मी पिंपळगावकडच्या एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटीला आहे. बाहेरदेशी जाणारा माल माझ्या टेबलावरून पुढे जातो. मण्यांवर डाग दिसला, चट्टा दिसला, काडीने ओरखडलेलं दिसलं की तो घड बाजूला. दहा वर्षं हेच करतेय. माझा नवरा निलेश म्हणतो, लग्न ठरवताना तू मलाही असंच उलटसुलट करून बघितलं असशील. बघितलं होतं. पण त्या नजरेचा त्रास पुढे मलाच झाला, म्हणून सांगितलं.

डोकं हाताला येईना

माझी आई चार वर्षांपूर्वी गेली. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी मनमाडला न होता सासरी, नाशिकला सिडकोत झालं. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांनी सगळं मनापासून केलं, पण त्या दिवसांत मला माझी आई हवी होती आणि ती नव्हती.

नववा महिना भरत आला तरी डॉक्टर मॅडम प्रत्येक वेळी एकच सांगायच्या, "डोकं अजून वरच तरंगतंय. खाली बसलेलं नाही." तारीख उलटून पाच दिवस झाल्यावर त्यांनी ॲडमिट करून घेतलं आणि कळा सुरू करायचं औषध दिलं. सकाळपासून कळा आल्या. मी ओरडणार नाही असं ठरवून गेले होते. अकरा वाजेपर्यंत ते ठरवणं टिकलं.

दुपारी चारच्या सुमाराला पोटावर लावलेल्या मशीनचा आवाज मंदावला. घोड्याच्या टापांसारखा येणारा आवाज मध्येच रेंगाळायला लागला. सिस्टरने माझ्याकडे न बघता मॅडमना फोन लावला, तेव्हाच मला कळलं. मॅडम आल्या, निलेशला बाहेर नेलं, सही घेतली आणि मला म्हणाल्या, "बाळ थकलंय. आता वाट बघायची नाही. सिझर करू."

कमरेत इंजेक्शन दिल्यावर खालचं अंग माझं राहिलं नाही. दुखत नाही, पण ओढाताण कळते. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगते. पोटात कोणीतरी बॅग भरतंय, काढतंय, परत भरतंय असं वाटतं. ते वाटलं म्हणजे काही चुकलं असं नाही.

छातीवर हिरवा पडदा होता. माझ्या डोक्याशी एक सिस्टर उभी होती, तिचे फक्त डोळे दिसत होते. मला वाटलं होतं, पाच मिनिटांत रडणं ऐकू येईल. आलं नाही. पडद्यापलीकडून मॅडम म्हणाल्या, "डोकं हाताला येत नाहीये. वरून दाब." कोणीतरी माझ्या बरगड्यांखाली सगळं वजन टाकून दाबलं. मला श्वास घेता येईना. परत, "अजून दाब." आणि मग अगदी शांत आवाजात, "व्हॅक्यूम द्या."

त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आमच्या ऑफिसातलं गालिचा साफ करायचं मशीन आलं. माणसाचं मन कुठल्या वेळेला काय दाखवेल, सांगता येत नाही. मी सिस्टरला विचारलं, "काय लावताहेत?" ती म्हणाली, "बाळाच्या डोक्यावर एक छोटा कप बसवतात. तो धरून ठेवतो आणि मॅडम ओढून घेतात. तुम्ही माझा हात धरा." मी धरला.

"निसटला," पलीकडून आवाज आला. "परत लावते."

दुसऱ्यांदा कप बसला. पोटातून मोठं काहीतरी निघून गेल्याचं कळलं आणि नंतर काहीच ऐकू येईना. ती शांतता किती वेळ होती, मला ठाऊक नाही. निलेश म्हणतो मिनिटभर असेल. तो बाहेर होता, त्याला काय माहीत? मी फक्त सिस्टरचे डोळे बघत होते. आधी ते हसले आणि मग रडणं ऐकू आलं. किरटं, चिडलेलं रडणं. माझ्या जिवात जीव आला.

पालथी वाटी

मुलगी गालाशी आणली तेव्हा मी तिची बोटं मोजली, कान बघितले, नाक बघितलं. आणि मग डोकं बघितलं. वरच्या बाजूला, जरा उजवीकडे, पालथी वाटी ठेवावी तसा फुगवटा होता आणि त्याच्याभोवती जांभळं कडं. माझा हात आपोआप त्या बाजूला गेला आणि मी तो मागे घेतला.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी खाटेवर बसून नीट समजावलं. "डोकं वर असलं आणि वळलेलं असलं की सिझरमध्येसुद्धा ते हातात येत नाही. अशा वेळी कप लावला की बाळ लवकर निघतं. हिची वरवरची सूज दोन दिवसांत उतरेल. पण आत थोडं रक्त साठून गाठ झाली आहे. ती हाडाच्या बाहेर आहे, मेंदूपाशी नाही. आपोआप विरते, दोन-तीन महिने लागतात. दाबायची नाही, चोळायची नाही, शेकायची नाही."

मी मान हलवत होते.

"आणि एक. ते साठलेलं रक्त विरताना कावीळ वाढू शकते. रोज बाळाला उजेडात धरून रंग बघायचा. पिवळी वाटली तर लगेच यायचं. नाही वाटली तरी सातव्या दिवशी दाखवायला आणायची."

उजेडात. त्या हे दोनदा म्हणाल्या. मला व्यवस्थित ऐकू आलं होतं.

त्याच दिवशी निलेशच्या काकू भेटायला आल्या. त्यांनी दुपटं बाजूला केलं, फुगवटा बघितला आणि म्हणाल्या, "अगं बाई, मशीनने ओढलं का? आमच्या शेजारी एक पोरगा होता असाच. अजून धड बोलत नाही." एवढं बोलून त्यांनी बाळाच्या मुठीत नोट ठेवली, माझ्यासाठी आणलेला चहाही पिऊन टाकला आणि गेल्या. ते एक वाक्य मात्र माझ्यापाशी राहिलं. पुढचे कितीतरी दिवस मुलगी जांभई उशिरा देते का, हे सुद्धा मी बघत होते.

माझे वडील मनमाडहून आले. सगळी नोकरी रेल्वेत गेली त्यांची. मी त्यांना काकूंचं बोलणं सांगितलं आणि रडले. ते म्हणाले, "कसारा घाट चढताना गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात, माहितीये ना? मग इगतपुरीच्या पुढे ती गाडी लंगडत जाते का? घाट होता म्हणून इंजिन लावलं. विषय संपला."

मला बरं वाटलं. पण ते गाडीचं झालं. माझी मुलगी माझ्या पुढ्यात होती आणि तिच्या डोक्यावर गाठ होती.

आई, म्हणजे सासूबाई, तिथेच बसून ऐकत होत्या. वडील गेल्यावर माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "हे मशीनचं बाहेर कुणाला सांगू नको. मुलीची जात आहे. लोक उद्या नाही ते बोलतील. गाठ जाईपर्यंत झाकून ठेव." त्यांनी पिशवीतून एक टोपडं काढलं. लाल, सोनेरी काठाचं, हनुवटीखाली बांधायच्या नाड्यांचं. त्यांनी स्वतःच्या हाताने शिवलेलं, निलेशने लहानपणी घातलेलं.

मला ते पटलं. खोटं कशाला बोलू?

पहारा

चौथ्या दिवशी घरी आलो. घरी आल्याबरोबर माझं आणि आईंचं वाजलं.

आमच्या भागात बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालायला गयाबाई येतात. मूळच्या नांदगावकडच्या, तीस वर्षांपासून सिडकोत. बाळाची टाळू तेलाने भरायची, तळहाताने डोकं दाबून दाबून गोल करायचं, नाक ओढायचं, हे सगळं त्यांचं काम. निलेशचं डोकं त्यांनीच बसवलं, हे आईंनी मला लग्नापासून निदान वीस वेळा सांगितलं असेल. सातव्या महिन्यातच गयाबाईंना सांगून ठेवलं होतं.

मी म्हटलं, "डोक्याला हात लावायचा नाही."

"अगं, मग ते तसंच राहील ना वाकडं!"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी सांगितलं म्हणून जगाची पोरं अशीच ठेवलीत का लोकांनी?"

निलेश मध्ये पडला आणि दोघींकडून बोलणी खाऊन कंपनीत निघून गेला. शेवटी मी रडायला लागले, तेव्हा आई गप्प झाल्या. गयाबाई आल्या तर त्यांच्याशीही मी आधीच ताठ बोलले. त्या म्हणाल्या, "नाय लावत बाई डोक्याला हात. पोरगी तुजी हाय." तरी माझा विश्वास बसला नाही. टाके ओढत असताना मी न्हाणीच्या दारात प्लॅस्टिकचं स्टूल टाकून बसले आणि त्यांच्या हातांवर नजर ठेवली. आत पिवळा बल्ब, वाफ, आणि गयाबाई मुलीला पायांवर घेऊन मानेखालून पाणी घालत होत्या. डोक्याला त्यांनी खरंच हात लावला नाही.

आंघोळ झाली की मी मुलीला घ्यायचे, पुसायचे आणि टोपडं चढवायचे. सैल बांधलं तर फुगवट्यावरून वर सरकायचं, म्हणून नाड्या आवळून बांधायचे. शेजारपाजारच्या बायका बघायला येत होत्या. टोपड्यातूनही उंचवटा जाणवतोय असं मला वाटायचं, म्हणून खोलीचे पडदे ओढून घेतले. कोणी विचारलं तर सांगायचे, उजेडाने बाळ दचकतं. दहा वर्षं मी माणसांना सांगत आले, माल उन्हाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटमध्ये डाग कळत नाही. आणि स्वतःच्या मुलीला अंधारात ठेवून बसले होते.

सहाव्या दिवशी ती जास्त झोपली. दूध ओढताना मध्येच थांबायची. आई म्हणाल्या, "गुणी आहे पोर." मलाही तेच वाटलं.

लाइट गेली

सातव्या दिवशी, मॅडमना दाखवायला जायचं होतं त्याच सकाळी, गयाबाई आल्या आणि लाइट गेली. न्हाणीत खिडकी नाही. गयाबाईंनी पाण्याचं घमेलं उचललं आणि सरळ गॅलरीत नेऊन ठेवलं. "ऊन हाय चांगलं. हितंच घालते."

मी म्हटलं, "नको. समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं."

"काय दिसतं? लेकरूच हाय ना?"

"थोडं थांबू या. येईल लाइट."

"पानी गार व्हतं बाई. आन इकडं."

त्यांनी माझ्या हातातून मुलीला घेतलं, पायांवर आडवं केलं आणि टोपड्याची गाठ सोडली. मी समोरच्या खिडक्यांकडे बघत होते. तेवढ्यात गयाबाईंचा आवाज बदलला.

"हे काय केलंस?"

हनुवटीखाली आणि कानांमागून नाडीचा लाल वळ उमटला होता. टोपड्याची कड गाठीच्या बाजूला रुतली होती. गयाबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मला म्हंती डोकं दाबू नका. दारात स्टूल टाकून राखन बसती. आन तू सवता काय बांधून ठिवलं?"

मी वळावरून बोट फिरवलं. पण त्यांचं बोलून झालेलं नव्हतं. त्यांनी अंगठ्याने मुलीच्या कपाळावर हलकंसं दाबलं आणि सोडलं. मग छातीवर. मग मांडीवर. मला बोलावलं, "बघ." जिथे अंगठा टेकला होता, तिथे कातडी पांढरी दिसायला हवी होती. ती हळदीसारखी पिवळी होती.

"आंघोळ नाय घालत मी. रिक्षा बोलव. आत्ताच्या आत्ता."

मी दुपटं आणायला आत गेले. आई देवापुढे दिवा लावत होत्या, त्या तशाच काडेपेटी हातात घेऊन बाहेर आल्या. निलेश सातपूरला कंपनीत होता. गयाबाईच आमच्याबरोबर रिक्षात बसल्या, त्यांच्या पदराला तेलाचा वास, आणि त्या रस्ताभर मुलीच्या तळपायाला टिचक्या मारत होत्या. "उठ गं बाये. उठ. झोपायचं नाय आता." द्वारका चौकाच्या आधी सिग्नलला रिक्षा अडकली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा रिक्षावाल्याला हात जोडले.

निळा उजेड

रक्त तपासलं. कावीळ वाढलेली होती, पण हाताबाहेर गेलेली नव्हती. मॅडम म्हणाल्या, "दिव्याखाली ठेवू. उतरेल. काल आणली असती तर बरं झालं असतं. मी उजेडात बघा म्हटलं होतं ना?"

"पडदे लावले होते."

"का?"

मी खाली बघितलं. "डोकं दिसू नये म्हणून."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "टोपड्याने कावीळ झाली नाही. टोपड्याने ती लपली. आता दिसू द्या."

एका काचेच्या पेटीत, निळ्या दिव्यांखाली माझी मुलगी दोन दिवस होती. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी आणि डोकं उघडं. गाठ सगळ्या वॉर्डाला दिसत होती. शेजारच्या पेटीत पेठ तालुक्यातल्या एका मुलीचं दिवस भरायच्या आधी झालेलं, मूठभर बाळ होतं. तिने मला विचारलं, "हिच्या डोक्याला काय झालं?" मी पहिल्यांदाच कोणाला तरी सरळ सांगितलं, की येत नव्हती, कप लावून ओढून काढली. ती पेटीकडे बघत म्हणाली, "आली ना पन. बरा झाला." एवढंच. माझ्या डोक्यातली कितीतरी दिवसांची कलकल त्या एका बोलण्याने थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई माझ्याजवळ बाकावर बसल्या. पदराने चष्मा पुसत होत्या, पुसून झाला तरी पुसत होत्या. "झाक म्हणून मीच सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "बांधलं मी होतं, आई." मग आम्ही दोघींनी मिळून निलेशने आणलेला वडापाव खाल्ला. त्या दिवसांतलं ते सर्वांत चवीचं जेवण.

कावीळ उतरली. डोक्याची सोनोग्राफी केली, आत सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो आणि आईंनी स्वतःच्या हाताने पडदे काढून धुवायला टाकले.

तुमच्या बाबतीत असं काही झालं, तर माझं ऐका. कप लावला म्हणून तुमचं काही चुकलं नाही आणि बाळाचंही नाही. त्या गाठीला काही करू नका, ती लपवूही नका. तिच्याकडे बघण्याची सवय करा. मला सात दिवस लागले, तुम्हाला कमी लागोत.

बारसं

दवाखान्याच्या धावपळीत बाराव्या दिवशी बारसं झालं नाही. सव्वा महिन्याने केलं. गाठ तेव्हाही होती, थोडी लहान, कडेने कडक झालेली. वडील मनमाडहून आले. गयाबाईंना आईंनी साडी घेतली आणि पाळण्याच्या अगदी जवळ बसवलं. काकूही आल्या.

मी सकाळीच ठरवलं होतं की टोपडं घालायचं नाही, पण आईंना सांगायचं धाडस झालं नव्हतं. पाळण्याजवळच्या ताटात हळदकुंकू, घुगऱ्या आणि ते लाल टोपडं ठेवलेलं होतं. बाळाआधी वरवंट्याला दुपट्यात गुंडाळून पाळण्याच्या खालून-वरून फिरवतात, तो वरवंटा आईंच्या मांडीवर होता. मी जुईला, हे नाव आम्ही आधीच ठरवलं होतं, तशीच उघड्या डोक्याने घेऊन आले.

काकूंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "अगं, टोपडं कुठाय? असं बोडकं लेकरू घालतात का पाळण्यात?"

मी तोंड उघडणार तोच आईंनी ताटातलं टोपडं उचललं आणि मांडीवरच्या वरवंट्याला घातलं. नाड्या ओढून दोन गाठी मारल्या.

"याला घालू," त्या म्हणाल्या. "याचं डोकं दगडाचं आहे. आवळलं तरी काही होत नाही."

गयाबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आई हसल्या नाहीत. त्या काकूंकडे बघून पुढे म्हणाल्या, "आमच्या जुईला मशीन लावून काढलंय. डोक्यावर गाठ आहे, जाईल हळूहळू. बघायची असेल तर जवळ येऊन बघा."

काकू खरंच उठून जवळ आल्या. मी खिडकीकडे वळले आणि जुईला उजेडात धरलं.